एक अवयव, एक नाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेसंबंधी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांतील काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांमध्ये विद्यार्थी आहेत, वैद्यकीय व्यवसायातील मंडळी आहेत आणि स्वतःचा किंवा घरच्यांचा तपासणी अहवाल वाचताना अडलेले वाचकही आहेत.

प्रश्न : मी परिचर्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असणाऱ्या स्नायूंना एका पाठ्यपुस्तकात 'पेरोनिअस' म्हटले आहे आणि दुसऱ्यात 'फिब्युलॅरिस'. हे वेगवेगळे स्नायू आहेत का? परीक्षेत आणि पुढे रुग्णाच्या नोंदीत कोणते नाव लिहावे?

उत्तर : स्नायू तेच आहेत, नावे दोन आहेत. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या भागात जी दोन हाडे असतात, त्यांतल्या बाहेरच्या बारीक हाडाला लॅटिनमध्ये 'फिब्युला' म्हणतात आणि ग्रीकमध्ये 'पेरोने'. जुन्या शास्त्रज्ञांनी हाडासाठी लॅटिन नाव घेतले, पण त्याच हाडालगतच्या स्नायूंना आणि चेतातंतूला ग्रीक नावावरून संबोधले, आणि ही विसंगती शेकडो वर्षे चालत आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका' या आंतरराष्ट्रीय परिभाषासंग्रहाने 'फिब्युलॅरिस' या रूपाला प्राधान्य दिले आहे.

हा बदल विद्यार्थ्यांच्या सोयीपुरता झाला असता, तर मी आपल्याला 'कोणतेही लिहा' असे सांगितले असते. परंतु 'पेरोनिअल' या शब्दाच्या अगदी जवळ 'पेरिनिअल' हा दुसरा शब्द आहे, आणि तो दोन मांड्यांच्या मधल्या, गुदद्वार व जननेंद्रियांच्या भोवतालच्या भागासाठी वापरला जातो. एका स्वराच्या फरकाने रुग्णाची जखम घोट्याजवळून जांघेच्या मध्ये जाऊन पोहोचते. घाईत लिहिलेली नोंद, फोनवरून दिलेली सूचना, ध्वनिमुद्रित मजकूर ऐकून केलेले टंकलेखन, या प्रत्येक ठिकाणी ही चूक होण्यास पुरेसा वाव आहे. प्लास्टर घातलेल्या रुग्णाच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाब येऊन जो चेतातंतू दुखावतो आणि ज्यामुळे पाऊल वर उचलता येईनासे होते, त्याची नोंद आपल्या हातून अनेकदा होणार आहे. त्या चेतातंतूला आपण 'फिब्युलर' असे लिहिलेत, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होण्याचे कारण उरत नाही. परीक्षेत दोन्ही नावे माहीत असावीत. नोंदीत मात्र 'फिब्युलर' लिहावे.

प्रश्न : ही नावे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि जगाने ती मान्य का करावीत?

उत्तर : कायद्याने दिलेला अधिकार कोणालाही नाही. शरीररचनाशास्त्रज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन नावे सुचवायची आणि शिक्षकांनी, प्रकाशकांनी व वैद्यांनी ती उपयुक्त वाटल्यास स्वीकारायची, अशीच ही पद्धत पहिल्यापासून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या निरनिराळ्या भागांसाठी जवळपास ५०,००० नावे प्रचारात होती. त्यांतली बहुतेक एकाच भागाची पर्यायी नावे होती, कारण प्रत्येक देश, प्रत्येक विद्यापीठ आणि कित्येकदा प्रत्येक नामांकित प्राध्यापक आपापली नावे चालवीत असे. जर्मन भाषक शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ही यादी तपासण्याचे काम सुरू झाले आणि १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिची संक्षिप्त आवृत्ती संमत झाली. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांचा या कामात मोठा वाटा होता. ५०,००० नावांमधून पाच हजारांच्या आसपास नावे राहिली, आणि एका रचनेला शक्यतो एकच नाव, ते लॅटिन, आटोपशीर आणि त्या रचनेचे स्थान किंवा स्वरूप सांगणारे असावे, हे सूत्र तेव्हाच रूढ झाले.

पुढे एकमत टिकले नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बर्मिंगहॅम येथे स्वतःची सुधारित यादी केली आणि जर्मनांनी १९३५ मध्ये येना येथे वेगळी केली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा एकत्र बसावे लागले, आणि १९५५ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जी यादी संमत झाली, तिच्यापासून आजच्या परिभाषेची सलग परंपरा मोजता येते. १९९८ च्या संग्रहात लॅटिन नावासमोर इंग्रजी प्रतिशब्द आणि प्रत्येक रचनेला एक संकेतांक देण्यात आला. त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाली आणि २०२० मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला मान्यता दिली. ऊती, गर्भविकास आणि चेतासंस्था यांसाठी स्वतंत्र संग्रह आहेत.

मनगटाच्या हाडांचे उदाहरण पाहिले, म्हणजे या बैठकांतून काय साधले ते लक्षात येते. बाझेलच्या यादीत होडीच्या आकाराचे म्हणून 'नॅव्हिक्युलर' हे नाव हाताच्या एका हाडाला होते आणि पायाच्याही एका हाडाला होते, त्यामुळे प्रत्येक वेळी 'हाताचे' किंवा 'पायाचे' असे जोडावे लागे. पॅरिसच्या यादीत हाताच्या हाडाला 'स्कॅफॉइड' हे नाव मिळाले आणि 'नॅव्हिक्युलर' पायापुरते राहिले. आज तळहात टेकून पडलेल्या तरुणाच्या क्ष-किरण अहवालात 'स्कॅफॉइड' हा एकच शब्द आला, तरी ते हाड मनगटातले आहे याविषयी जगात कुठेही शंका उरत नाही. या परिभाषेला मान्यता मिळते ती अशा उपयोगामुळे.

प्रश्न : माझ्या आईच्या पायाला सूज आल्यामुळे सोनोग्राफी केली. अहवालात 'सुपरफिशियल फिमोरल' शिरेत रक्ताची गाठ असल्याचे लिहिले होते. 'सुपरफिशियल' म्हणजे वरवरची, असे समजून आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र लगेच रक्त पातळ करणारे औषध सुरू केले आणि ही शीर खोलवरची आहे असे सांगितले. आता आई बरी आहे, पण अहवालात चुकीचे लिहिले होते का?

उत्तर : आपल्या आईंवर वेळेत उपचार झाले, याचे समाधान वाटते. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. अहवाल लिहिणाऱ्याने तपासणीत चूक केली होती असे म्हणता येत नाही; त्याने बरोबर शीर पाहिली आणि तिचे जुने, धोकादायक नाव लिहिले.

पायातल्या शिरांचे दोन मुख्य गट असतात. कातडीखालच्या चरबीतून जाणाऱ्या वरवरच्या शिरा आणि स्नायूंच्या आवरणाच्या आत, धमन्यांच्या सोबतीने जाणाऱ्या खोल शिरा. वरवरच्या शिरेतील गाठ पुष्कळदा वेदनादायक असली, तरी सामान्यतः तिचा धोका मर्यादित असतो. खोल शिरेतील गाठेचा तुकडा मात्र सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो, आणि त्याने प्राणही जाऊ शकतात. म्हणून गाठ कोणत्या गटातल्या शिरेत आहे, या एका माहितीवर पुढचे सगळे उपचार अवलंबून असतात.

मांडीतील 'फिमोरल' ही शीर निःसंशय खोल गटातली आहे. तिच्यासोबत जाणाऱ्या धमनीला जांघेखाली एक मोठी, अधिक खोल जाणारी शाखा फुटते, आणि त्या शाखेपासून वेगळे दाखवण्यासाठी मुख्य धमनीच्या पुढच्या भागाला 'सुपरफिशियल' म्हणण्याची पद्धत पडली. धमनीचे हे विशेषण तिच्या शेजारच्या शिरेलाही लावले गेले. नाव देणाऱ्याला 'त्या शाखेपेक्षा कमी खोल' एवढेच म्हणायचे होते. वाचणारा मात्र 'वरवरच्या गटातली' असाच अर्थ घेतो, आणि तो घेणे स्वाभाविक आहे. आपण वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही म्हणून आपला गैरसमज झाला असे मुळीच मानू नये. प्रशिक्षित डॉक्टरही या नावाने फसू शकतात, आणि १९९५ सालीच वैद्यकीय नियतकालिकातून या धोक्याकडे लक्ष वेधले गेले होते. अधिकृत परिभाषेत या शिरेचे नाव नुसते 'फिमोरल' असे आहे, आणि २००१ मध्ये रोम येथे पायांच्या शिरांच्या नावांवर तज्ज्ञांचे जे एकमत झाले, त्यातही 'सुपरफिशियल' हे विशेषण टाकून देण्याची शिफारस आहे.

इतकी वर्षे लोटूनही हे नाव काही अहवालांत येत राहते, याची मला मनापासून खंत वाटते. सोनोग्राफी यंत्रांवरचे तयार नमुने, जुनी पाठ्यपुस्तके आणि वरिष्ठांकडून ऐकून उचललेली सवय, ही त्यामागची कारणे असतात. यंत्रावरचा नमुना एकदा दुरुस्त करण्याला फार वेळ लागत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनी शिरेच्या नावापुढे 'खोल शीर' असे दोन शब्द आवर्जून लिहिले, तर आपल्यासारख्या वाचकाचाही गैरसमज होणार नाही.

प्रश्न : सीटी स्कॅनच्या चित्रात यकृत डावीकडे दिसते. चित्र उलटे छापले जाते का?

उत्तर : नाही. शरीररचनेत डावे-उजवे नेहमी रुग्णाचे धरतात, पाहणाऱ्याचे नव्हे. सीटी स्कॅनचा आडवा छेद रुग्ण उताणा झोपलेला आहे आणि आपण त्याच्या पायांकडून डोक्याकडे पाहत आहोत अशा रीतीने दाखवतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते.

याच संदर्भात सांगायचे तर, सर्व दिशादर्शक संज्ञा एका ठरावीक उभ्या स्थितीला धरून आहेत : माणूस ताठ उभा, चेहरा समोर, हात शरीरालगत आणि तळवे पुढे वळवलेले. रुग्ण कुशीवर झोपला असो की पालथा, तळहात 'पुढची' बाजूच राहतो.

प्रश्न : परदेशातील दंतवैद्यांनी माझ्या कागदपत्रांत १८ क्रमांकाची दाढ काढावी असे लिहिले आहे. इथल्या दंतवैद्यांनी मला विचारले की हा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे. आकड्यांतही असा फरक असतो का?

उत्तर : असतो, आणि आपल्या दंतवैद्यांनी विचारले हे फार चांगले केले. दातांना क्रमांक देण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सलग आकडे देतात. जगात इतरत्र मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या पद्धतीत पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो आणि दुसरा अंक मधल्या रेषेपासूनचे दाताचे स्थान सांगतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीने १८ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. अमेरिकी पद्धतीने १८ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची, अक्कलदाढेच्या अलीकडची दुसरी दाढ. दोन्ही दाढा तोंडाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत, आणि अक्कलदाढेऐवजी ती दुसरी दाढ निघाली तर नुकसान कायमचे आहे.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय पद्धतीत हा क्रमांक 'अठरा' असा न उच्चारता 'एक-आठ' असा उच्चारतात, ज्यामुळे ऐकणाऱ्याला पद्धतही कळते. आपण मूळ दंतवैद्यांकडून दाढेचे नाव, जबडा आणि बाजू शब्दांत लिहून मागवावी, आणि ती हाती येईपर्यंत दाढ काढून घेऊ नये.

बोटांच्या बाबतीतही मी हाच आग्रह धरीन. शरीररचनाशास्त्र अंगठ्याला पहिले बोट मानते, त्यामुळे तिसरे बोट म्हणजे मध्यमा. पुष्कळ लोक अंगठा सोडून मोजतात आणि त्यांचे तिसरे बोट अनामिका असते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर 'उजवी अनामिका' असे लिहिले, तर मोजणी कशी करायची हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : अवयवांना शास्त्रज्ञांची नावे असत, ती काढून टाकणे हा त्यांच्या कार्याचा अनादर नाही का? फॅलोपियन नलिका हे नाव तर सगळ्यांना कळते.

उत्तर : आपली भावना मला समजते. विज्ञानाचा इतिहास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा असे मलाही वाटते. पण ज्या फॅलोपिओ यांचे नाव आपण घेतले, त्यांचेच उदाहरण पुढे करून मी नावे बदलण्याच्या बाजूने बोलेन. सोळाव्या शतकातील या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव गर्भाशयाच्या नलिकेला आहे, कानाजवळच्या हाडातून चेहऱ्याच्या चेतातंतूला वाट देणाऱ्या मार्गालाही आहे आणि जांघेतल्या एका अस्थिबंधालाही जोडले गेले आहे. त्या अस्थिबंधाला पुन्हा पूपार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानेही ओळखतात. एक माणूस तीन ठिकाणी आणि एका ठिकाणी दोन माणसे, अशी स्थिती असताना नावावरून विद्यार्थ्याला स्थान कळत नाही. 'गर्भाशय-नलिका' म्हटल्यावर ते कळते. १९५५ च्या पॅरिसच्या यादीने व्यक्तिनामे वगळली आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

काही नावांच्या मागे तर गौरव करावा असा इतिहासही नाही. फुप्फुसातील एका प्रकारच्या पेशींना माक्स क्लारा यांचे नाव होते. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि त्यांच्या संशोधनात मृत्युदंड दिलेल्या कैद्यांच्या ऊती वापरल्या गेल्या होत्या. २०१३ पासून श्वसनविज्ञानाच्या नियतकालिकांनी त्या पेशींना आकारावरून 'क्लब पेशी' म्हणायला सुरुवात केली. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांसाठी जो लॅटिन शब्द चालत आला होता, त्याचा मूळ अर्थ 'लाज वाटण्याजोगे' असा होता, आणि २०१९ च्या आवृत्तीतून तोही काढला गेला. तिथल्या चेतातंतूच्या नावात मात्र तो अजून टिकून आहे. तोही जावा, असे माझे मत आहे.

असे असले तरी दवाखान्यात जुनी नावे चालत राहतील, हे मान्य केले पाहिजे. टाचेवरच्या जाड स्नायुबंधाला रुग्णाशी बोलताना 'अकिलीस' म्हणण्याने काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मात्र अधिकृत नाव आधी यावे.

प्रश्न : मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी आहे. माणसांच्या पुस्तकातील 'सुपीरिअर' (वरचा) आणि 'अँटिरिअर' (पुढचा) हे शब्द आम्हाला का वापरू देत नाहीत?

उत्तर : कारण आपला रुग्ण चार पायांवर उभा असतो. माणसात डोक्याकडची दिशा ही वरची दिशाही असते. कुत्र्यात वर पाठ येते आणि डोके पुढे येते. म्हणून प्राण्यांमध्ये डोक्याकडच्या दिशेला 'क्रेनिअल', शेपटीकडच्या दिशेला 'कॉडल', पाठीकडच्या दिशेला 'डॉर्सल' आणि पोटाकडच्या दिशेला 'व्हेंट्रल' म्हणतात. शरीर कसेही वळले, तरी हे शब्द शरीराच्याच भागांना धरून राहतात. माणसात हृदयाला वरून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेला 'सुपीरिअर' म्हणतात, आणि तीच आपल्या पुस्तकात 'क्रेनिअल' म्हणून येते. १९३५ च्या येना यादीने माणसांसाठीही असेच शब्द आणण्याचा प्रयत्न केला होता, पण पॅरिसमध्ये तो मागे पडला. पशुवैद्यकाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिभाषा १९६८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पापण्या आणि ओठ यांसाठी तिच्यातही 'सुपीरिअर' व 'इन्फीरिअर' (खालचा) राहू दिले आहेत, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

प्रश्न : माझ्या पाठीच्या दोन एमआरआय अहवालांत एकाच चकतीचे दोन वेगळे क्रमांक आहेत. एकात कमरेचा चौथा आणि पाचवा मणका यांमधली चकती सरकली आहे असे लिहिले आहे, दुसऱ्यात पाचवा मणका आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) यांमधली. शस्त्रक्रिया सुचवली आहे. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोन्ही अहवाल बहुधा एकाच चकतीबद्दल बोलत आहेत आणि मोजणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाली आहे. कमरेचे मणके सामान्यतः पाच असतात, परंतु काही माणसांत शेवटचा मणका खालच्या त्रिकास्थीला अंशतः किंवा पूर्णतः जुळलेला असतो, आणि काहींत त्रिकास्थीचा वरचा भाग सुटा राहून सहाव्या मणक्यासारखा दिसतो. अशा पाठीत खालून मोजत वर गेले तर एक क्रमांक येतो आणि मानेपासून मोजत खाली आले तर दुसरा येतो. परिभाषेने नावे निश्चित केली आहेत, पण ती ज्या सर्वसाधारण शरीराला धरून आहेत, त्याच्यापेक्षा आपले शरीर वेगळे असू शकते. हा कोणताही आजार नाही. मात्र चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया होण्याचे हे एक ज्ञात कारण आहे, म्हणून आपण शंका विचारलीत ते आवश्यकच होते.

आपण दोन्ही अहवाल आणि दोन्ही तपासण्यांची मूळ चित्रे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसमोर एकत्र ठेवावीत आणि क्रमांकांतील फरक स्वतः दाखवून द्यावा. मानेपासून खालपर्यंतचा संपूर्ण कणा दिसेल असे एक चित्र उपलब्ध नसेल, तर ते काढून मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजणी करता येते. मणके कसे मोजले हे अहवालात एका वाक्यात लिहून देण्याची विनंती क्ष-किरणतज्ज्ञांना करावी. शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर काढलेल्या क्ष-किरण चित्राशी एमआरआयची मोजणी जुळवून पाहिली जाईल ना, हेही भरती होण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे.